‘पान लागला’: एका संध्याकाळच्या तीस मिनिटांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात घडलेली ही गोष्ट. गाव, वर्ष आणि माणसांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. वेळा मात्र केसपेपरवर होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण प्रकरण वेळेचंच आहे.

मी तिथे बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, वैद्यकीय अधिकारी होतो. लहानाचा मोठा नागपुरात झालो, मराठी माझी मातृभाषा, त्यामुळे भाषेची अडचण येईल असं ऑर्डर काढणाऱ्यांच्या मनात आलं नाही आणि माझ्याही नाही. केरळातून आलेल्या डॉक्टरला दुभाष्या लागेल हे कुणालाही पटतं. नागपूरच्या डॉक्टरला सावंतवाडी-कुडाळकडे दुभाष्या लागेल म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

सापांविषयी मला जे माहीत होतं ते परीक्षेपुरतं पक्कं होतं. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने अंदाजे 12 लाख माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. आपल्याकडचं प्रतिविष, म्हणजे एएसव्ही, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं. यातलं फुरसं कोकणात भरपूर. वीतभर ते हातभर लांबीचं, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं. सड्यावरच्या दगडांखाली, बांधाच्या फटीत, लाकडांच्या ढिगात सापडतं. डिवचलं की अंगाच्या खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. त्याचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकतं. हे सगळं मला पाठ होतं, पण पुस्तकात साप ‘सर्पदंश’ या शब्दाने येतो आणि दवाखान्याच्या पायरीवर तो त्या नावाने कधीच येत नाही.

केंद्रात संध्याकाळी आम्ही तिघं असायचो. मी, एक सिस्टर आणि परिचर मावशी. मावशी मागच्याच वाडीतल्या, कंत्राटी. झाडू, लादी, केसपेपरची खिडकी, पाणी तापवणं, रात्री कुलूप लावणं ही त्यांची कामं. रुग्ण तपासताना त्या दाराशी उभ्या असत, आणि आपण त्यांना काही विचारावं हे माझ्या गावीही नव्हतं.

घटना

जूनचा पहिला आठवडा, पाऊस नुकता लागलेला. सायंकाळी 7.10 वाजता एका रिक्षातून पन्नाशीच्या एक काकी, त्यांची सून आणि शेजारचा एक मुलगा आले. सिस्टर लेबर रूममध्ये अडकलेल्या. सून म्हणाली, “डॉक्टरांनू, आयेच्या पायाक पान लागला.”

मी विचारलं, “कसलं पान?”

ती काही बोलली नाही.

“कुठे लागलं? कुठल्या झाडाचं?”

“काजीखाली होती. पातेरो काढी होती.”

काजूच्या झाडाखालचा पालापाचोळा काढताना. मग तर सगळं जुळलंच. काजूच्या चिकाने कातडी भाजते हे मला महिन्याभरात कळलं होतं. उजव्या घोट्याभोवती थोडी सूज होती आणि तिच्यावर हिरवट-काळपट लेप वाळून बसला होता. मी तो लेप बोटाने दाखवून विचारलं, “हेच का ते पान?” सून “नाय” म्हणाली आणि खाली बघू लागली. काकींचं तर माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या दाराबाहेरच्या अंधाराकडे बघत होत्या. दुखतंय का विचारलं, तर म्हणाल्या, “आग पडली हा.”

केसपेपरवर मी लिहिलं: पानाची अ‍ॅलर्जी, काजूचा चीक? आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मीच भरून खुब्यावर दिलं. लेप धुऊन त्याखाली काय आहे ते पाहिलं नाही. अर्धा तास बसा म्हणालो आणि लेबर रूमकडे डोकावून आलो.

7.40 ला मावशी ओसरीवरचं पाणी काढून आत आल्या. रिक्षावाल्याशी त्यांचं बोलणं झालं होतं. काकींच्या पायाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, “डॉक्टर, अ‍ॅलर्जी न्हय ती. पान म्हणजे जनावर.”

मला वाटलं कुत्रा. खरंच तसं वाटलं. मी रेबीजच्या लशीचा फ्रिज उघडायला निघालो होतो.

मावशींनी मग दाराबाहेर एक नजर टाकली, आवाज खाली आणला आणि “लांबडा” म्हणाल्या. तरीही माझ्या चेहऱ्यावर उजेड पडेना म्हणून उजव्या हाताचा पंजा मनगटातून वाकवून दोन बोटं पुढे काढली. तेव्हा कळलं.

“मग सरळ साप का नाही म्हणत?”

“दिवेलागणीक नाव घेऊचा नाय.”

शब्दाबद्दल थोडं

हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढच्या डॉक्टरला ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात ते गुंडाळून ठेवता येऊ नये.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी. तिची पूजा वारुळाच्या रूपात होते. वारूळ हे जिथे देवीचं रूप, तिथे त्यात राहणाऱ्याला अंधार पडल्यावर नावाने हाक मारायची नाही, हे ओघानेच येतं. शेताच्या, गावाच्या हद्दीवर राखणदार असतो. त्याचं रूपही बरेचदा हेच. म्हणून ‘जनावर’, ‘लांबडा’, ‘किरडू’, आणि चावला असं न म्हणता ‘पान लागला’. नाव टाळणं इथे मर्यादा पाळणं आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत तसं. शिवाय ‘पान लागणं’ कोकणापुरतं नाही, घाटावरच्या खेड्यांतही ते ऐकू येतं. मी शहरात वाढलो म्हणून माझ्या कानावर पडलं नव्हतं, एवढंच. म्हणजे हा प्रमाण मराठी आणि मालवणी यांच्यातला घोटाळा म्हणून सोडून देता येत नाही. शहर आणि गाव यांच्यातलाही तो आहे.

दुसरी बाजूही आहे. त्या तिघांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्या दृष्टीने ‘पान लागला’ यात काहीच संदिग्ध नव्हतं. मी ‘कुठल्या झाडाचं’ विचारलं तेव्हा सुनेला काय वाटलं असेल? ती मला पुढे म्हणाली, “आमका वाटला, तुमी सुदा नाव घेऊक बघनास नाय.” मीही नाव टाळून आडून विचारतोय, असं तिला वाटलं होतं. झाडाबद्दलच्या माझ्या प्रश्नाला तिने मर्यादाशील डॉक्टरचा प्रश्न म्हणून उत्तर दिलं: काजीखाली. दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होतो आणि त्यात तीस मिनिटं गेली.

समोरचे पर्याय, आणि प्रत्येकात कुठे अडलो

7.45 ला काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवली. ही चाचणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते, तिला यंत्र लागत नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. गोठलं तर ठीक, ओघळलं तर विष रक्तात आहे.

त्या वीस मिनिटांत मला आधीचा इतिहास हवा होता. मी विचारलं, “इकडे येण्याआधी कुणाकडे गेला होतात?” आवाज चौकीवर विचारतात तसा असावा, कारण तिघंही एकदम “नाय” म्हणाले. मावशींनी लेपाकडे बघत, जणू भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “पाळ कोणी दिल्यान?” आणि सगळं बाहेर आलं. पाळ म्हणजे मूळ, मुळी. संध्याकाळी 5.45 ला पान लागलं. पलीकडच्या वाडीत पाळ देणारे एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे नेलं, त्यांनी मुळी उगाळून लावली, थोडी पोटातही दिली. पायाला सुंभ आवळून बांधला होता. दवाखान्यात डॉक्टर ओरडतात म्हणून रिक्षातच सोडला. मला ही तीनही माहिती हवी होती: केव्हा, काय पोटात गेलं, काय बांधलं होतं. माझ्या एका प्रश्नाने ती झाकली गेली आणि मावशींच्या एका प्रश्नाने उघडली. दोन्ही प्रश्नांचा अर्थ एकच होता.

8.05 ला मी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला आलं. सून वाकून बघत होती, तिच्या तोंडून निघालं, “ह्येका विरजण लागूकच नाय.”

इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या रात्री पुढे जे काही समजावून सांगता आलं, ते सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं.

आता तीन वाटा होत्या.

पहिली, केंद्रातच लगेच एएसव्ही सुरू करायचं. कपाटात कुप्या होत्या. धोका एवढाच की प्रतिक्रिया आली तर सांभाळायला मी एकटा, आणि सिस्टर अर्ध्या बाळंतपणात.

दुसरी, 108 बोलावून औषध न देताच जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. खरं सांगायचं तर माझा कल तिकडे होता. त्याला कारण वैद्यकीय नव्हतं. अर्धा तास मी हिला चुकीचं औषध देऊन बसवलं होतं, आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून जावी असं वाटत होतं. निर्णयांच्या चर्चेत हे कारण कुणी लिहीत नाही, पण बहुतेक वेळा ते हजर असतं.

तिसरी वाट घरच्यांची. तोवर काकींचे मोठे दीर येऊन पोचले होते. त्यांचं म्हणणं, “आदी देवाक कौल लावया, मगे काय ता करा.” कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची यावरून होकार-नकार समजून घ्यायचा. त्यांचा प्रश्न ‘औषध द्यावं का’ असा नव्हताच. तो होता ‘काय चुकलं’. हे मला तेव्हा कळलं नाही. मी दोन्ही एकच समजलो, आणि दोन आठवड्यांनी तेच काका शांतपणे बोलले तेव्हा फरक ध्यानात आला.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायद्याचं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बोललो असतो तर काका काकींना उचलून रिक्षात घालून गेले असते, याबद्दल मला आज शंका नाही.

काय केलं

संमतीपत्रापासून सुरुवात केली आणि तिथेच पुन्हा चुकलो. छापील कागदावर वाक्य होतं: ‘औषधाची तीव्र प्रतिक्रिया होऊन जीवितास धोका संभवतो.’ मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. काकांनी ‘जीवितास धोका’ एवढंच ऐकलं. “म्हणजे औषधान पण माणूस जाता?” त्यांचा कौलाचा आग्रह मीच पक्का केला.

सही कोण करणार हा पुढचा प्रश्न. सून म्हणे मी कशी करू. काका म्हणे झिलाला विचारा. मुलगा नालासोपाऱ्याला, चाकरमानी. काकी पूर्ण शुद्धीवर होत्या, सज्ञान होत्या, कायद्याने त्यांची स्वतःची संमती पुरे होती. मी त्यांना विचारलंही. त्या म्हणाल्या, “माज्या झिलाक इचारा.” याला काय म्हणायचं? स्त्रीला निर्णय घेऊ देत नाहीत, असा एक वाचण्याचा प्रकार आहे आणि तो खोटा नाही. पण काकींनी तिथे निर्णय घेतला होता. तो असा की माझा निर्णय माझ्या मुलाने घ्यावा. मी तो मानायचं ठरवलं आणि मनात दहा मिनिटांची मुदत घातली. त्यापुढे थांबणार नव्हतो.

फोनला रेंज फक्त आवारातल्या फणसाखाली. पावसात उभं राहून सुनेने फोन लावला. मुलगा लगेच म्हणाला, “बांबुळीक न्या.” गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं बांबोळी. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठं दुखणं म्हटलं की पहिलं तेच आठवतं. आमच्या केंद्रापासून ती वाट दोन-अडीच तासांची. मी रक्ताच्या गुठळ्यांविषयी, वेळेविषयी समजावत राहिलो. त्याने मध्येच तोडून विचारलं, “डॉक्टर, औषध तुमच्याकडे आहे का?”

“आहे. दहा कुप्या आहेत.”

“मग द्या ना! आम्हाला वाटलं तिथे काही नसतं.”

एवढंच होतं. मघापासून तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की औषध याच इमारतीत, पाच पावलांवरच्या कपाटात आहे. मी धोके सांगितले, प्रक्रिया सांगितली, कागद वाचला. ‘औषध इथे आहे’ हे सांगितलंच नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं.

कौलाचा गुंता मावशींनी सोडवला. काकांना म्हणाल्या, “काकांनू, तुमी देवाकडे गाराणा घाला. हयसर सलाइन चालू होऊंदे. देव काय खय पळान जाता?” काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खिशातली अंगाऱ्याची पुडी काढली. मी म्हणालो, कपाळाला लावा, जखमेला नको. त्यांनी लावला. ते मानकऱ्यांकडे निघाले आणि 8.40 ला आम्ही दहा कुप्यांची सलाइन लावली. देवळात “होय म्हाराजा” आणि इथे थेंब, एकाच वेळी. काकांना यात विसंगती दिसली नाही.

दहाव्या मिनिटाला काकी थडथडून कापू लागल्या. अंगावर गांधी उठल्या. एएसव्हीची ही प्रतिक्रिया ठरलेलीच म्हणावी इतकी नेहमीची. मी सलाइन थांबवली, अ‍ॅड्रेनलिन तयारच होतं, ते दिलं. पण त्या अर्ध्या मिनिटात खोलीत वेगळंच सुरू झालं होतं. सुनेने हात जोडले आणि शेजारचा मुलगा ओरडला, “अंगात वारा इला!” सून विचारू लागली, “कोण असस तू? काय चुकला आमचा?” मी सुई टोचतोय आणि पलीकडून काकींना, किंवा काकींच्या अंगात जे कुणी आलं असेल त्याला, प्रश्न विचारले जातायत. सिस्टर धावत आल्या. मावशींनी काकींवर घोंगडी टाकली आणि सुनेला खांद्याला धरून म्हणाल्या, “हुडहुडी ती. औषधाची. हिंवताप येता तशी.” हिवतापाची हुडहुडी कोकणात कुणाला सांगावी लागत नाही. सून खाली बसली.

आधी सांगितलं असतं की औषध लागू पडताना थंडी वाजते, अंगाला खाज सुटते, मग आम्ही दुसरं इंजेक्शन देतो, तर वारा आला नसता. मी त्याऐवजी ‘तीव्र प्रतिक्रिया’ वाचून दाखवली होती.

पंधरा मिनिटांनी सलाइन पुन्हा हळू सुरू केली. ती संपल्यावर 108 मधून जिल्हा रुग्णालयात रवाना केलं, सोबत वेळा लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीत माझ्या खुब्यावरच्या इंजेक्शनचाही उल्लेख केला. लिहिताना हात थांबला होता.

परिणाम

मध्यरात्रीनंतर, पहिल्या औषधाला सहा तास झाल्यावर, जिल्हा रुग्णालयात पुन्हा नळी लावली. रक्त तेव्हाही ओघळलं. आणखी दहा कुप्या दिल्या. सकाळच्या नळीत गोठलं. सुनेने ती नळी बघू द्या म्हणून हट्ट धरला आणि त्यांनी दाखवली, असं नंतर कळलं. हिरड्यांतून थोडं रक्त आलं होतं, मूत्रपिंडं शाबूत राहिली. पाचव्या दिवशी काकी घरी आल्या.

माझ्या इंजेक्शनच्या जागी ताटलीएवढं काळंनिळं झालं होतं. ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या स्नायूत सुई घालायची नसते, आत रक्त साचत जातं. ते ओसरायला तीन आठवडे लागले, आणि साप चावलेल्या पायापेक्षा काकींना त्याचाच त्रास जास्त झाला. तिसऱ्या वेळी ड्रेसिंगला आल्या तेव्हा मी सांगितलं, ते माझ्यामुळे. काकी म्हणाल्या, “तुमका काय ठावक, तुमी घाटावरचे.” नागपूर घाटावर नाही हे मी सांगत बसलो नाही.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पहिली मावशींची. त्यांनी सांगितलेले शब्द मी मोठ्या अक्षरात लिहून केसपेपरच्या खिडकीवर आतल्या बाजूने चिकटवले: पान, जनावर, लांबडा, किरडू, फुरसा, ‘काय तरी लागला’, ‘कायतरी डसला’. यातला कुठलाही शब्द आला की केसपेपर बाजूला ठेवून आधी पाय धुऊन बघायचा आणि नळी लावायची. खिडकीवर मावशीच असत, म्हणजे ज्यांना शब्द येत होते त्यांच्याच समोर मी ते चिकटवले होते. यातला विनोद मला उशिरा कळला.

दुसरी पाळ देणाऱ्या आजोबांची. कायद्याखाली तक्रार करा असं एका वरिष्ठांनी सुचवलं होतं. मी आधी भेटायला गेलो. आजोबांनी कुणाला दवाखान्यापासून अडवलं नव्हतं. उलट त्यांचा नियमच होता की हिरडीतून रक्त आलं तर डॉक्टरकडे जा. त्यांच्या पाळेला गुण का येतो हेही उघड आहे: नानेटी, दिवड, धामण यांना विष नाही, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. दहातले बरेच जण आपोआप बरे होतात आणि श्रेय मुळीला जातं. हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की हिरडीतून रक्त यायची वाट बघायची तर माणूस फार पुढे गेलेला असतो, तुम्ही पाळ लावाल तेव्हाच रिक्षा बोलावाल का? लावायचीच तर कपाळाला किंवा हाताला लावा, पोटात नको. म्हणाले, “बघतंय.” बघतो, या शब्दात कोकणात काय काय मावतं हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. त्या पावसाळ्यात त्यांनी दोघांना थेट पाठवलं. दोघांनाही बिनविषारी साप चावलेला होता, आणि दोघांनाही आम्ही नळी दाखवून घरी सोडलं.

ऑगस्टमध्ये मात्र एक बाप्या चार तासांनी आला. लावणी आटोपलेली, बेणणी चालू होती. त्याच्या घरच्यांनी दोन देवळं केली होती आणि ते आजोबांकडे गेलेच नव्हते, तिसऱ्याच गावच्या कुणाकडे गेले होते. डायलिसिसपर्यंत गेला. वाचला. यादी, आजोबा, मावशी, यातलं काहीच त्याच्या वाटेत नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू 7.12 चा. अनोळखी शब्द आला तेव्हा मी त्याचा अर्थ लावला, विचारला नाही. “पान लागणं म्हणजे काय?” असं मोकळेपणी विचारायला लाज वाटायचं कारण नव्हतं. पण मराठी माणसाने मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा, तोही डॉक्टरच्या खुर्चीत बसून, याची सवय नसते. तमिळ रुग्ण असता तर मी नक्की विचारलं असतं.

लेप धुवायला हवा होता. याला सांस्कृतिक काही नाव देण्याची गरज नाही, तो साधा निष्काळजीपणा होता.

संमतीच्या वेळी क्रम उलटा हवा होता: औषध इथे आहे, आता लावतो, थंडी वाजेल, अंगावर गांधी येतील, त्यावरचं औषधही हातात आहे. मग कागद. मी पुढे हाच क्रम ठेवला आणि विरजणाची नळी घरच्यांच्या हातात देऊनच बोलू लागलो.

काकांच्या प्रश्नाबाबत मी अजून ठाम नाही. ‘काय चुकलं’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते देणारी दुसरी यंत्रणा गावात होती. दोन्ही एकमेकांना अडवत नव्हत्या तोवर मला अडचण नव्हती. पण त्या रात्री मावशी नसत्या, काका हटून बसले असते आणि मुलाचा फोन लागला नसता, तर? मी दहा मिनिटांची मुदत घातली होती. ती संपल्यावर खरंच सलाइन लावली असती का, हे मी स्वतःला आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सरकारने 2024 साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. जनजागृती त्यात आहेच. माझी मागणी छोटी आहे. आमच्याकडे भिंतीवर एक पोस्टर होतं, ‘सर्पदंश झाल्यास त्वरित नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा’, आणि वर फणा काढलेला नाग. कोकणात काजीखालच्या पातेऱ्यात हात घालणाऱ्या बाईला फुरसं दाखवा आणि ‘पान लागला तर’ असं लिहा.

वर्ष संपलं तेव्हा मी चार्ज दिला. यादीत एएसव्हीच्या कुप्या बॅच नंबर आणि मुदतीसह उतरवल्या, काचेच्या नळ्या मोजून लिहिल्या. नव्या डॉक्टर लातूरकडच्या होत्या. त्यांना खिडकीवरचा कागद दाखवायला गेलो, तर पावसापूर्वीच्या रंगकामात तो निघून गेला होता. मावशी खिडकीत बसल्या होत्या. त्यांच्या कंत्राटाची मुदत मार्चअखेर होती, आणि चार्ज रिपोर्टमध्ये त्यांना उतरवायला रकाना नव्हता. मी नव्या डॉक्टरांना म्हणालो, “रुग्ण काय म्हणतो ते कळलं असं वाटलं, तरी एकदा यांना विचारा.”

मावशी म्हणाल्या, “इचारतले. पयल्या पावसात इचारतले.”